टू आणि क्रियापद यांच्यामधली जागा

टॉडमॉर्डनला, कालव्याकाठच्या वृद्धाश्रमात माझी रात्रपाळी.
खोली नऊ. मिस्टर ऑग्डेन.
एकतीस वर्षं ग्रामर स्कूलमध्ये इंग्रजी शिकवलेले,
आता चहाचा मग दोन्ही हातांनी धरतात,
लाल पेन्सिल मात्र एकाच, आणि घट्ट.

माझी नोंदवही ते मागून घेत.
मी लिहिलेलं असे, त्यांना 'टू स्लोली सिट अप' सांगितलं.
ते 'स्लोली'ला गोल करत,
गोलातून बाण काढत पार वाक्याच्या शेपटापर्यंत,
थरथरता बाण, बदक गेल्यावर पाण्यावर राहते तशी रेघ.
"टू आणि क्रियापद नवराबायको आहेत, मिस तुंगारे.
मध्ये कुणी झोपू नये."

म्हटलं, आमच्याकडे ही भानगडच नाही.
बसायला. उठायला. जायला.
तुमचा टू आमच्या क्रियापदाच्या पोटात गेलेला,
सुरी घालायला फट नाही.
'हळू' बिचारा बाहेर उभा राहतो, चपला काढून.
ते खूप वेळ गप्प होते.
मग म्हणून बघितलं त्यांनी, बस, आय, ला.
तीन तुकडे.
मी म्हटलं, बघा, मोडलंत.

नोव्हेंबरात तो फॉर्म आला,
शेवट कुठे हवा, कसा हवा, विचारणारा.
त्यांनी स्वतः लिहिलं. एका ओळीला पाऊण तास.
'आय विश क्वायटली टू डाय ॲट होम.'

मिसेस पिकर्सगिलनी चष्मा कपाळावर नेला.
म्हणजे इच्छा शांतपणे, की मरण?
आणि हे 'ॲट होम' कुणाला लावायचं?
चौदा नंबरचं घर तर मार्चमध्येच विकलं,
तिथे आता एक तरुण जोडपं आहे, दार पिवळं केलंय त्यांनी.
की इच्छा घरी असताना झालेली,
मरण कुठेही चालेल?
'क्वायटली' मध्येच बसलेलं, डावीकडे बघे, उजवीकडे बघे.
दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

मी त्यांना म्हटलं, थोडंसं आत सरकवा ना,
टू आणि डायच्या मधोमध. बोटभर.
मग कुणाला शंकाच राहणार नाही.
"मेलो तरी नाही," म्हणाले,
आणि मग आपण काय बोललो ते कळून
आम्ही दोघं इतके हसलो
की शेजारच्या खोलीतून भिंतीवर काठी आपटली.

फॉर्म तसाच फायलीत गेला.
घरी येताना पुलावर मी मराठीत करून पाहिलं,
मला घरी शांतपणे मरायचं आहे.
सगळे शब्द जागच्या जागी.
घर तेवढं नव्हतं.

फेब्रुवारी. पहाटेचे पावणेचार. हीटर टकटकत होता.
मी उशी सारखी करत होते, तर त्यांनी मनगट धरलं.
"आय वॉन्ट यू टू,"
थांबले.
"जेंटली."

मी काही बोलले नाही, चूक काढली नाही.
आमच्यात क्रियापद शेवटीच येतं,
तोवर थांबायची सवय जन्माची.
उघडू? धरू? सोडू?
खिडकीकडे बघितलं, पाण्याच्या पेल्याकडे,
माझ्या मनगटावरच्या बोटांकडे.
वर टेकडीच्या रस्त्याला एका ट्रकनं गिअर बदलला
आणि मग तोही ऐकू येईनासा झाला.

सकाळी नोंद करायची होती.
त्यांचं वाक्य लिहिलं, 'जेंटली'पर्यंत.
पूर्णविराम दिला नाही.
दिवसपाळीची ब्रॉनी खांद्यावरून वाकून म्हणाली, पुढे?
लाल पेन्सिल उशाशी होती, टोक केलेली.
मी 'जेंटली'ला गोल केला,
बाण काढला,
तो कशाला नेऊन टेकवायचा ते कळेना,
तसाच नेत राहिले,
पान संपलं तिथपर्यंत.