समक्ष

पंच लागतात दोन. त्याच वस्तीतले, बऱ्या चालीचे.
म्हणून मला बोलावून आणलं बर्फाच्या कारखान्यातून,
बोटं अजून बधिर, पायजम्याला लाकडाचा भुसा.
दुसरा बस्त्याव, सायकलवाला. वाटेत म्हणाला,
‘आपली चाल बरी म्हणान ह्यांका कोणी सांगल्यान रे?’

आवडू मेथरच्या खळ्यात जीप मावली नाही,
माडाला टेकवून ठेवली.
फौजदाराने आधी स्वतःचे खिसे उलटे केले:
तंबाखूची डबी, रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी,
एसटीचं चुरगळलेलं तिकीट, कुडाळ ते वेंगुर्ला.
‘बघून घ्या. आम्ही काही घेऊन आत जात नाही.’
कायदा इथून सुरू होतो हे मला माहीत नव्हतं,
आधी येणाऱ्याने रिकामं व्हायचं.

मग थांबलो. बाई पोलीस यायची होती.
ती येईपर्यंत आवडूच्या अंगाला हात नाही.
पाऊण तास आम्ही सहा पुरुष
वाळत घातलेल्या सुंगटांवरचे कावळे हाकत बसलो
आणि जिच्या घराची झडती, तिनेच
गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.
‘माझ्या झिलान काय केल्यान?’ तिने मला विचारलं.
मी तांब्याकडे बघितलं.

आत एक पोरगेला शिपाई मोबाईल धरून उभा.
आता सगळं चित्रित होतं.
फडताळ. देव्हारा, लांबूनच.
तांदळाचा डबा, कोपरापर्यंत हात घालून.
मग ट्रंक.
दोन लुगडी. नवऱ्याचा होडीचा परवाना, मुदत संपलेला,
नवऱ्यासारखाच. रुमालात सातशे चाळीस रुपये,
मोजून, सांगून, परत बांधले.
आणि निळ्या दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्या
आमच्या कारखान्याच्या. अक्षर माझं.
बर्फ पन्नास किलो. बर्फ पन्नास किलो. बर्फ पन्नास किलो.
पाठीमागे पेन्सिलीने, वाकड्या आकड्यांत
चव्वेचाळीस. सेहेचाळीस.
त्रेचाळीस, त्याच्याखाली रेघ.

बर्फ वितळतो, हे मी तिला कितीदा सांगितलंय.

‘किरकोळ कागद,’ फौजदार म्हणाला,
‘गुन्ह्याशी संबंध नाही. होते तसे ठेवा.’
मोबाईल माझ्या तोंडावर आला, थोडा वेळ थांबला, पुढे गेला.

बाटल्या मिळाल्या त्या किनाऱ्यावरच्या मांगरात,
जाळ्यांच्या खाली, छत्तीस, गोव्याच्या.
मांगराला दार नाही. तीन होड्यांचं सामान तिथे पडलेलं असतं.
गळ्याला सुतळी, सुतळीवर लाख, लाखेवर पितळी शिक्का,
लेबलावर आमच्या सह्या. मेणबत्ती वाऱ्याने चारदा विझली.

मग पंचनामा वाचून दाखवला.
‘...सदर मुद्देमाल आरोपीच्या राहत्या घराच्या झडतीत
आम्हां पंचांसमक्ष मिळून आला...’

समक्ष.
मी धीट माणूस नाही. मालकाने काटा जिथे धरायला सांगितला
तिथे अकरा वर्षं धरलाय.
तरी म्हणालो, ‘साहेब, घरात नाही मिळाला.’
‘एकच ते.’
‘एक न्हय,’ बस्त्याव खोकला, ‘तीस पावलां. मी मोजलंय.’

फौजदाराने दोघांकडे बघितलं. रागाने नाही,
ज्याला अजून दोन गावं करायची आहेत तसं.
ओळ खोडली. वर बारीक अक्षरात लिहिलं,
घरापासून अंदाजे तीस पावलांवर, बिनदाराच्या मांगरात.
खाडाखोडीशेजारी आम्हां दोघांच्या सह्या.
गजाला तरीही जीपमध्ये बसवलं. त्या ओळीचं पुढे काय होईल
ते वकिलाला माहीत, नाहीतर कोणालाच नाही.

यादीची एक प्रत आवडूला मिळाली, पोच घेऊन.
तिला वाचता येतात फक्त आकडे.
तिने कागदाला भोक पाडलं
आणि निळ्या दोऱ्यात ओवला, माझ्या चिठ्ठ्यांच्या मागे.

सकाळी ती टोपली घेऊन आली, रोजच्यासारखी.
मी लादी ठेवली, भुसा झटकला,
काट्यावरचा हात काढून घेतला.
आम्ही दोघंही काटा थांबायची वाट बघत उभे.