हूं म्हणायची जागा

वेंगुर्ल्याच्या हायस्कुलात परिषद.
रॅम्प आदल्या रात्री झाला
आणि सकाळी कुणी शोभा म्हणून
त्यावर झेंडूच्या कुंड्या ओळीनं मांडल्या.
फिरोजा मुजावर चाकाच्या खुर्चीतून
बराच वेळ कुंड्यांकडे बघत राहिली,
मग म्हणाली, चला, उद्घाटन झालं.
चौघांनी कुंड्या उचलल्या.
त्याच मातीच्या हातांनी आम्ही समई लावली.

कागदी पेल्यांत कोकम, फळ्यावर वायफायचा पासवर्ड,
आणि पुण्याहून आलेले सर सांगत होते
यंत्र आता मराठी वाचतं,
अक्षराला आवाज फुटला, आता कुणीच बाहेर नाही.
मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.
माझा नंबर जेवणानंतर होता:
सात मिनिटं, निवती वाचनालय, ड वर्ग.

हातात आकड्यांचा कागद. सभासद एकशे त्रेचाळीस.
डोक्यात मात्र एकच, सत्त्याण्णव नंबरची
सत्यवती कुबल.
सहीच्या जागी अंगठा.
बुधवारी बाजार उरकून येते,
पाटी दाराबाहेर, पाय पुसून आत,
पुस्तक हातात तोलून घेते:
"ह्या बरा जड आसा. चार दिस जातीत."
घरी नातू वाचतो. नातू नसला तर होडीवरचा खलाशी.
कुणीच नसलं तर मला फोन,
आणि मी भाकरी भाजता भाजता वाचते.
पुस्तक परत येतं तेव्हा पानांत एखादं खवलं,
तांबोशीचं, नखाएवढं.
बारकोडवर चिकटलं की मशीन म्हणतं
नोंद सापडली नाही.

गेल्या महिन्यात वाचणारा डबा आला.
मी तो तिच्या खळ्यात नेऊन लावला.
ती कोळंबी सोलत ऐकत होती.
एक पान. दोन.
तिसऱ्याच्या मध्यावर हात थांबले:
"बरा वाचता गो. पण ह्येका दम लागना नाय.
मी हूं खंय म्हणू?"

एवढंच सांगायला मी व्यासपीठावर चढले होते.
आकडे वाचण्यातच सहा मिनिटं गेली.
चिठ्ठी आली, आवरा.
घाईत म्हटलं, आमच्या एका सभासदाला
वाचता येत नाही,
तिची चारशे बारा पुस्तकं वाचून झालीत.
अध्यक्षांनी चष्मा काढला.
चांगल्या मनाचा माणूस, खरंच विचारत होता:
मग ती वाचक की श्रोता?
कुठल्या रकान्यात धरायची?

पंखा फिरत होता.
मला उत्तर सुचेना, घशाला कोरड.
मागच्या दाराजवळून,
जिथं खुर्चीला जागा केली होती तिथून,
फिरोजा म्हणाली, "हूं."
मग मी पुढचं सांगितलं.

ठराव सात झाले. त्यात हे नाही.
पाचवा रॅम्पविषयी, एकमतानं.

फोटोसाठी सगळे अंगणात जमले,
मी पिशवी घ्यायला मागं वळले तर
कुंड्या पुन्हा जागच्या जागी,
कुणी पाणीसुद्धा घातलेलं.
फिरोजा आत, मी बाहेर,
मधे झेंडू.
या वेळी चौघं नव्हते.
मी पदर खोचला.