वळणावरची हाळी

तुम्ही फोनवर विचारलंत,
भाड्याने घ्यायचं म्हणतोय, पण तिथे आहे तरी काय?
या, बघा, म्हटलं.
फोन ठेवल्यावर वाटलं, दाखवणार काय?

नेरुळ, सेक्टर सोळा.
गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते आकडे,
तेही कुणी घाईत फेकल्यासारखे:
बाराच्या पुढे एकोणीस, मग एकदम सहा.
नवा कुरिअरवाला पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येतो,
दुसऱ्यात माझ्या पायरीवर पाणी पितो,
तिसऱ्यात त्याला ठाऊक असतं
की एकोणीस म्हणजे देशी बदामाचं घर
आणि सहामध्ये बेल बंद, कडी वाजवायची.

थंडीत खाडीवर रोहित येतात.
पुण्याहून लोक गाड्या काढून येतात,
गळ्यात हे एवढाले कॅमेरे.
मी एकदा गेलो. लांबवर चिखलात
गुलाबी काहीतरी वाळत घातलेलं दिसलं.
प्रेक्षणीय स्थळ म्हणून तेवढं सांगता येईल.

मला दाखवायचंय ते दिसण्यातलं नाही.

अकराच्या सुमाराला सारसोळ्याची चांगुणा येते.
वळणापर्यंत तिची हाळी,
बोईट, निवट्या, कोलीम,
खिडक्यांची तावदानं थरथरतात.
वळण आलं की गप्प.
चौदा नंबर संपेपर्यंत नुसत्या बांगड्या,
आणि पलीकडे गेली की पुन्हा बोईट.
भंगारवाला सायकलची घंटी मुठीत धरून जातो.
पोरं क्रिकेट खेळतात,
आउटचं अपील कुजबुजत करतात.

पाटी नाही. सोसायटीचा ठराव नाही.

चौदाच्या दुसऱ्या मजल्यावर सिस्टर एलियाम्मा राहायची.
कायमची रात्रपाळी. सकाळी आठला यायची,
चपला खालीच काढायची, हातात घेऊन जिना चढायची,
कारण तळमजल्यावर मढवींचं बाळ
नुकतंच कुठे झोपलेलं असायचं.
कुणाला ती काही बोलली नाही.
चांगुणाने एकदा त्या हातातल्या चपला बघितल्या,
एवढंच.

चार वर्षं झाली, ती कोट्टायमला गेली.
मढवींचं बाळ चौथीत आहे,
कुजबुजत अपील करणाऱ्यांत तेच पुढे.
चांगुणाला मी विचारलं, अगं, आता कोण झोपतंय वर?
तर पाटी सावरत म्हणाली,
घसा वळणावर आपोआप बसतो, बाबा,
मी काय करू?

तर तीच जागा रिकामी आहे. किल्ली माझ्याकडे.
पाणी सकाळी सहा ते आठ.
न्हाणीघराची खिडकी नीट लागत नाही, करून घेऊ.
भाड्याचं समोरासमोर बोलू.

एक विचारायचं राहिलं,
तुम्ही दुपारी झोपता का?