चेसिस क्रमांक एकतीस

बेचाळीस बनल्या, एवढंच कॅटलॉग सांगतो.
अँटवर्प, वेरहाखे आणि पुत्र, आठ सिलिंडर,
मॉडेलचं नाव आल्देगोंड,
थोरल्या मालकाच्या आईचं. बाई म्हणे
जेवताना चमचा वाजलेला खपवून घेत नसे.

म्हणून इंजिनाने बोलायचं नाही असं ठरलं.
टकटकणाऱ्या झडपा काढल्या,
सिलिंडरांना घातल्या पोलादी बाह्या,
एकीच्या आत एक, तेलात भिजलेल्या,
वर-खाली सरकणाऱ्या.
आवाज गेला.
तेल मात्र गाडी गटागटा प्यायची
आणि मागे सोडायची निळा धूर.
गिळलेलं कुठून तरी बाहेर पडायचंच.

शेवटच्या शेडमध्ये गोमार तॉनिस बसायचा.
पगारपत्रकात हुद्दा : ऐकणारा.
हातभर काठी, एक टोक इंजिनावर,
दुसरं दातांत धरलेलं.
डावा कान बॉयलरच्या कारखान्यात गेला होता,
उजवा निम्मा.
तो दाढांनी ऐकायचा.
पास झालेल्या इंजिनावर खडूने एक मासा काढायचा.
मासाच का, हे कुणी विचारलं नाही,
विचारलं असतं तरी त्याला ऐकू आलं नसतं.

एकतीस नंबर त्याने तीनदा परत पाठवली.
फोरमन चिडला, धाकटा वेरहाखे चिडला,
तीननचा साखर कारखानदार तारेने चिडला.
गोमार म्हणाला, पाचव्यात कोणी तरी खाकरतंय.
खोललं. बाहीवर केसाएवढा ओरखडा.

साखरवाल्याने चार वर्षं वापरली,
मागच्या सीटवर बायकोशी न बोलता.
मग साखरेचा भाव पडला,
मेखेलनच्या अंत्यविधीवाल्याने ती घेतली,
छप्पर कापून काचेची पेटी बसवली.
त्याला अशीच हवी होती :
रडणं ऐकू यावं, गाडी नाही.

चौतीसात कारखाना बुडाला.
स्वस्त मोटारी खडखडत होत्या आणि खपत होत्या.
गोमारने काठी घरी नेली.
लिओंतीनने ती टोमॅटोच्या रोपाला लावली.

चाळीसच्या मे महिन्यात शववाहिनी
जिवंत माणसांनी भरून दक्षिणेला निघाली :
अकरा जण, एक शिवणयंत्र, एक शेळी.
निळा धूर विमानांना दिसेल म्हणून फक्त रात्री.
तेल संपलं तेव्हा मोहरीचं ओतलं,
ते संपलं तेव्हा डुकराची चरबी.
पहाटे रस्त्याला तळणाचा वास, आणि पोरं भुकेली.
सरहद्दीच्या अलीकडे सहा किलोमीटरवर
ती थांबली. तेही आवाज न करता.
शेळीला आधी कळलं.

मग आर्देनच्या जंगलात एका वखारीत
इंजिन करवतीला जोडलं.
एकोणीस वर्षं करवत किंचाळली.
चेसिस ओढ्यावर आडवी टाकली होती,
तिच्यावरून गाई पलीकडे जायच्या.

एक्क्याऐंशीत गेंटच्या ट्रामशेडमधल्या
खोडेलीव मासने दोन्ही भंगाराच्या भावाने घेतलं,
वजनकाट्यावर, ओल्या शेवाळासकट.
(शेवाळाचे पैसे कापून घेतले, हे ती अजून सांगते.)
नऊ वर्षं.
बॉडी मिळाली नाही, तिने बनवलीही नाही.
स्वयंपाकघरातली खुर्ची चेसिसवर बोल्ट केली
आणि तशीच प्रदर्शनात नेली,
मखमली दोऱ्यांच्या, पॉलिश केलेल्या गाड्यांच्या रांगेत.
परीक्षकांनी रंगाला शून्य दिलं, गादीला शून्य,
मग एकाने विचारलं, सुरू कधी करणार?
ती म्हणाली, केव्हाची सुरू आहे.

धूर नाकात गेला तेव्हा त्यांना पटलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
तिने टोपलीतला लाकडी डाव काढला,
दांडा इंजिनावर टेकवला, दुसरं टोक दातांत.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं,
ट्रामची बेअरिंगं ती अशीच तपासायची.
गोमारचं नावही तिने ऐकलं नव्हतं,
खडूचा मासा केव्हाच ओढ्याला मिळाला होता.

आत कुणी तरी सावकाश तांदूळ निवडत होतं.
एक, दोन, तीन, चार

पाचव्यात बारीकसं खाकरणं.

तिने डाव काढला, रुमालाने पुसला,
पुन्हा दातांत धरला.