बसून धरा

बूट काढा, म्हणाला सटवाजी.
मी काढले. मग त्यानं
शिक्का उडालेलं, नारिंगी, मासळीचा वास मारणारं जाकीट
माझ्या मांडीवर टाकलं.
फळी टोचत होती,
मी ते बुडाखाली घेतलं.

तो काही बोलला नाही.
वल्हं आडवं ठेवून नुसता बसून राहिला.
काठावरची म्हैस रवंथ करत आमच्याकडं बघत होती.
पाच मिनिटं गेली असतील.
शेवटी मीच विचारलं, निघायचं ना?
"बंद लावा की."
बंद लावले.
होडी निघाली.

परभणीच्या कोषागारात मी तेहतीस वर्षं
दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या.
आता दर मंगळवारी पहाटेची जिंतूर गाडी,
तिथून जीप, मग येलदरीचं पाणी,
आणि डब्यात बडीशेप घालून मळलेली कणीक,
जी बायकोच्या मते
माणसांनाही इतक्या प्रेमानं कधी मळली नाही.

सटवाजीला पोहता येतं असं म्हणणं
म्हणजे बगळ्याला उभं राहता येतं म्हणण्यासारखं.
तरी त्याच्या अंगावर जाकीट, गळ्यापर्यंत बांधलेलं.
"ज्याला येत नाही तो भिऊन काठावर राहतो, सायेब.
बुडतो तो येणाराच."

जाळ्याच्या ओळीवर जुन्या स्लिपरांचे तुकडे तरंगतात,
निळे, पांढरे,
एक लहान पोराचा, त्यावर अजून अर्धं फूल.
त्या ओळीवरून जायचं नाही.
वळसा पडला तर पडू द्यायचा.
"लोकाच्या अंगणातून जाताव का इचारल्याबिगर?"
आणि कुणाचा गळ आधीच पडला असेल
तर वल्हं उचलून धरायचं, थेंब गळू द्यायचे,
हात वर करायचा, बास.
काय लागलं का, हे विचारायचं नाही.
लागलं असेल तर तोच सांगतो.
नसेल लागलं तर कशाला.

दहाच्या सुमाराला चक्री किरकिरली.
दोरी पाण्यात तिरकी धावली आणि मी
उभा राहिलो.
कोण राहणार नाही?
होडी कलली. डबा घसरत गेला.
काठावरून थंड पाणी आत आलं, घोट्यापर्यंत,
आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा
मला माझी सही कशी करायची ते आठवेना.

सटवाजी ओरडला नाही.
सगळं अंग दुसऱ्या बाजूला टाकून,
झोपलेल्या लेकराला ऐकू जाईल
इतक्याच आवाजात म्हणाला, "बसा."
मी म्हणालो, मासा?
"बसून धरा."

बसलो. धरला.
तरी तो गेला, गळासकट.
माझी धपाटी पाण्यावर पसरली
आणि चिलापींनी ती भराभर खाल्ली.
हिशेब तिकडून जुळला.
मी डब्याच्या झाकणानं पाणी उपसत राहिलो.

दुपारी वारं फिरायच्या आधी तो फिरतो.
आभाळ कोरडं, पाणी काचेसारखं,
मी म्हणतो अजून थोडं,
तो म्हणतो, म्हशी उठायल्यात.
खरंच उठत होत्या.

परतताना आडवी गेली मोटारीची होडी.
पाच-सहा पोरं, गाणी लावलेली,
जाकिटं एका कोपऱ्यात ढिगानं,
सगळी उभी, एकमेकांचे फोटो काढत.
त्यांच्या लाटेनं आम्ही हेलकावलो.
सटवाजीनं तळहात खाली करून
हवेत हळूहळू दाबला: बसा, बसा.
त्यांना वाटलं, रामराम करतोय.
सगळ्यांनी हात हलवले.
तो हात दाबतच राहिला
ती ठिपक्याएवढी होईपर्यंत.

काठावर आलो. जाकिटं बाभळीला टांगताना
तो मोजतो. दोन.
पुन्हा मोजतो.
माझी जीप जायची वेळ होते, तो म्हणतो, जा तुम्ही.
स्वतः पाण्याकडं बघत
उभा राहतो, त्या पोरांची मोटार ऐकू येईपर्यंत.

आता उभा राहतो.
आता पायाखाली जमीन आहे.