मोकळी जागा

खडेबाजारच्या मागच्या बोळात माझा छापखाना.
तुळशीचं लग्न झालं की बोटांची शाई
मेपर्यंत निघत नाही.
एका बाजूला मराठी, पाठीवर कानडी;
मुहूर्त दोन्हीकडे सारखाच पडलाय का
एवढंच मी चष्मा लावून बघतो.

परवा हुंदऱ्यांची शर्वाणी आली,
सोबत गोकाकचा महांतेश. दोघांच्या हातात हेल्मेट.
"शंभर कार्डं पायजेत, काका. लग्नाची नव्हं."
मग कसली?
"टिळकवाडीत खोली घेतलीय. तिथं राहणार दोघं.
लोकांनी चहाला यावं, बस्स."

पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली.
वर गणपती घालू?
"घाला की. तो काय फक्त लग्नाचाच आहे?"
'आमचे येथे' खोडलं. आमचे म्हणजे कुणाचे?
'चि. सौ. कां.' गेलं.
'चि.' तेवढं राहू दे, तो म्हणाला,
जगायला काय हरकत आहे.
मामा-आत्यांची अख्खी फलटण गेली.
'कृपया आहेर आणू नये'पाशी दोघं थबकले,
एकमेकांकडं बघितलं.
"कुकर चालंल," ती हळूच म्हणाली.

उरली दोन नावं आणि एक पत्ता,
पाण्याच्या टाकीजवळ.
इतका कमी मजकूर जन्मात जुळवला नव्हता.
मोकळ्या जागेचे पैसे कसे लावायचे?

रात्री शिवलीलाला सांगितलं.
एकतीस वर्षं ती रागावते कानडीत,
मी मराठीत.
समेट कुठल्या भाषेत होतो, ठाऊक नाही.
भाकरी पुढे सरकते, तेव्हा झालेला असतो.
आमचं कार्ड आमच्याच छापखान्यात छापलेलं;
बैलहोंगलच्या जागी हुबळी पडलं,
सहा पाहुणे हुबळीला जाऊन उपाशी परत आले.
हे ती अजून काढते.

आज नाही काढलं. पातेलं पालथं घातलं, विचारलं,
"भांडली तर कोण कुठं जाणार?"
विचारलं नाही मी.
"विचारायचं की. तिसऱ्या महिन्यात
मी पिशवी भरून स्टँडवर गेले होते.
तुम्ही मशीनवर होता."

एकतीस वर्षांत हे मला आज कळत होतं.
मग परत का आलीस?
कार्ड होतं, अक्षता होत्या, चारशे माणसं जेवली होती,
यांतलं काहीतरी ती म्हणेल वाटलं.

"बैलहोंगलची गाडी लागली नव्हती,"
म्हणाली, आणि दिवा घालवला.

सकाळी शंभर कार्डं काढली.
पत्ता तीनदा वाचला,
दोन्ही भाषांत.