तेरावी बरगडी

शुक्रवारी संध्याकाळी डायरीतून चिठ्ठी निघाली:
सोमवारी हॅलोविन. घाबरवणारा वेश. विकतचा नको, घरी केलेला.
खाली पालकांच्या सहीसाठी जागा.
भुतांनाही आता सही लागते म्हणायची.

मी मशीनवर होते.
सोमवार सकाळपर्यंत सहा डझन युनिफॉर्म द्यायचे,
निळी चौकट, कॉलरला पांढरी पट्टी,
कुठल्याशा लांबच्या शाळेचे;
त्या पोरांची मापं मला पाठ, तोंडं माहीत नाहीत.

त्यात अंबादास आला कारखान्यातून.
एका काखेत सेकंड मालाची चादर,
मोर चांगला, फक्त मानेपाशी धागा सुटलेला.
दुसऱ्या काखेत सुताच्या कोनांचा खोका.
खोका हलत होता.
"रागावू नको," तो म्हणाला,
तेव्हाच मी काय ते समजले.

पिल्लू ओंजळीएवढं.
शेडच्या मागे तीन दिवस केकाटत होतं म्हणे.
वेंकूनं नाव ठेवलं बॉबिन,
कारण ते स्वतःभोवतीच फिरत होतं.
अंबादास त्याला तेलुगूत बोलावतो, मुलं मराठीत,
पलीकडच्या शमशादभाभी दखनीत;
ते तिन्ही भाषांत खोक्यातच बसून राहतं.

शनिवार गेला स्रवंतीच्या भुतात.
चादरीला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली
तर मोर नेमका पोटावर आला.
"हे काय करालालीस बे? मोराला कोण घाबरणार?"
वेंकू असं म्हणाला आणि ती रडली.
मग चादर उलटी घातली.
उलट्या बाजूला रंगही उलटे होतात:
काळ्या रानात पांढरा मोर, मान नसलेला.
बॉबिननं तो पाहिला
आणि जाऊन बत्तीस मापाच्या शर्टावर मुतला.

रविवारी नळाला पाणी, चार दिवसांनी.
पहाटे साडेचारला घागरी, पिंप, पातेली,
आणि शेवटच्या बादलीत बॉबिन.
भिजल्यावर केवढासा उरला!
भाभींनी भाकरी दुधात कुस्करून आणली;
त्यानं आधी शेंगाचटणीत नाक घातलं
आणि दुपारपर्यंत शिंकत राहिला.

वेंकूला सांगाडा व्हायचं होतं.
अंबादासचा जुना काळा शर्ट मिळाला.
हाडांना पांढरं काय?
कॉलरची पट्टी होती.
मी नको म्हणाले. मग मीच कापली.
"बरगड्या किती असतात गं?"
मला कुठलं माहीत. पुस्तक शाळेत राहिलेलं.
त्यानं बॉबिनला मांडीवर घेतलं
आणि बोटानं मोजायला लागला,
एकेक, हळू, जशी मी काजं मोजते.
मोजायला काहीच अडचण नव्हती,
कातडीखाली सगळ्या वर आलेल्या.
"तेरा," तो म्हणाला. "तिकडेपण तेरा."
माझा पाय पायडलवर तसाच राहिला थोडा वेळ.
मग तेरा तेरा शिवल्या.

सोमवारी स्कूटीवर पुढे सांगाडा, मागे भूत,
मधे डुलक्या घेत अंबादास, रात्रपाळीचा.
दुपारी वेंकू तणतणत घरी आला.
मॅडम म्हणाल्या, माणसाला बाराच जोड्या असतात,
तुझी एक जास्त झाली.
"मग तू काय म्हणालास?"
"म्हटलं, ही आमच्या बॉबिनची आहे."
पहिलं बक्षीस मिळालं एका विकतच्या चेटकिणीला.

युनिफॉर्म गेले. शेवटच्या कॉलरला पट्टी कमी पडली,
चार तुकडे जोडून भागवलं.
लांबच्या त्या शाळेत कुणीतरी
जोडाची कॉलर घालून प्रार्थनेला उभं असेल,
त्याला काय ठाऊक.

चादर आता बॉबिनची.
मान नसलेल्या मोरावर तो पसरून झोपतो
आणि झोपेत पाय मारतो.
वेंकू अजून रोज मोजतो.
काल नवव्यापाशी चुकला;
बोट रुतलं म्हणाला, हाड सापडेना.